काही नाही म्हणायचं नाही

बेल वाजली आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. डांबरचा पट्टा तिच्या हातात होता, सैल, शिकवला होता तसा. दुसऱ्या मुठीत उकडलेल्या चिकनचे तुकडे. डांबर चटईवर बसला होता, काळाकुळकुळीत कुत्रा, कान टवकारलेले. चार वर्षांच्या लेकीने दार उघडलं.

आधी वॉकर आत आला, मग सासरे, आणि त्यांच्या मागे दोन्ही हात पसरून, जणू ते आत्ताच कोसळणार आहेत अशा धास्तीने, नणंद. महिन्यापूर्वी बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर ते ताईंकडे होते, आता इथे राहायला आले होते. ताईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, की कुत्रा एकदा जरी बाबांसमोर भुंकत उठला, ते दचकले, तोल गेला, तर संपलंच. त्याच पावली तो माझ्या गाडीत बसेल. शेतावर मोकळी जागा आहे, तिथे खुशाल कोकलू दे. मागच्या सीटवर जुनी चादर अंथरूनच त्या आल्या होत्या.

तिने एक तुकडा चटईवर टाकला. डांबरने वॉकरकडे पाहिलं, तुकड्याकडे पाहिलं, आणि तुकडा खाल्ला. तिने दुसरा टाकला. वॉकर टकटक करत पलीकडे गेला. बाबा खुर्चीत टेकले. डांबर बसूनच होता. ताईंनी एक भुवई वर नेली. ताईंच्या हिशेबी ते कौतुकच.

यामागे तीन आठवडे होते, त्यातले पहिले दोन पाण्यात गेलेले. कुत्र्यांना शिकवणारा एक माणूस रोज सकाळी यायचा. लेक त्यांना ‘कुत्र्यांचे सर’ म्हणायची. सर बाहेरून बेल वाजवायचे, ती खाऊ टाकायची, आणि डांबर खाऊकडे ढुंकूनही न बघता दारावर झेपावून घर डोक्यावर घ्यायचा. मग एके दिवशी सरांनी बेल वाजवलीच नाही. आत येऊन दार लावून बसले आणि म्हणाले, आज कोणी येणार नाहीये. तुम्ही त्याला शांत करायला नेहमी जे म्हणता, ते नुसतं म्हणा.

तिने डांबरच्या डोक्यावरून हात फिरवला. “काही नाही रे, काही नाही.”

डांबर गोळीसारखा दाराकडे सुटला.

“दोन वर्षं तुम्ही हेच म्हणताय,” सर म्हणाले, “आणि दर वेळी दारातून कोणीतरी आत आलंय. त्याने काय समजायचं?”

त्या दिवसापासून ते दोन शब्द घरात बंद झाले. बंद केल्यावर तिला कळलं, आपण ते किती वेळा बोलतो. बोटीवर नोकरीला असलेल्या नवऱ्याचा फोन आला, आवाज असा का येतोय म्हणून त्याने विचारलं, ती सवयीने बोलून गेली आणि डांबर सोफ्यावरून उडाला. तिच्या आईने विचारलं, पुन्हा डांबर. शेजारणीने विचारलं, पुन्हा डांबर. लेक तर त्या शब्दांना शिवीच समजू लागली होती.

बाबांनी पाणी मागितलं. ताईंनी औषधांची पिशवी उघडली. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, व्यायाम दिवसातून तीनदा, आंघोळीला धरायला माणूस लागतो, रात्री दोनदा उठवावं लागतं. ताई सांगत गेल्या, ती मान डोलावत गेली. सोमवारपासून तिचं ऑफिस पुन्हा सुरू होणार होतं. तिने तरीही मान डोलावली.

बाबा पेला हातात धरून तिच्याकडेच बघत होते. “पोरी, डोळे असे का झालेत तुझे? काय झालंय?”

“काही नाही, बाबा.”

शब्द तोंडातून निसटले आणि पट्टा ताणला गेला. डांबर दाराकडे बघून भुंकला, दार बंद होतं, मग तो खोलीकडे तोंड करून भुंकत राहिला. बाबांच्या हातातलं पाणी मांडीवर सांडलं. ताई उठल्या. त्यांनी तिच्या हातातून पट्टा काढून घेतला.

“आईने वाईट शब्द म्हटला,” लेक म्हणाली. “डांबर नाही चुकला.”

मग तिला सांगावंच लागलं. सरांचं, बेलचं, दोन वर्षांचं. मी असं म्हटलं की काहीतरी असतं, हे त्याला पाठ झालंय, ताई.

ताईंनी पट्टा सोडला नाही. “मग काय आहे?”

तिने डांबरकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता.

“मला झेपत नाहीये,” ती म्हणाली. “बाबांचं करायचंय मला, अगदी मनापासून. पण सोमवार आठवला की छातीत धडधडतं. झोपच लागत नाही.”

डांबर चटईवर जाऊन बसला.

ताईंनी पट्टा खुर्चीच्या पाठीला अडकवला. चार दिवस मी राहते म्हणाल्या, बाबांसाठी बाई शोधू, आणि हे आधी सांगायला काय झालं होतं, एवढी का मी राक्षसीण आहे. तिने अडखळत विचारलं, आणि डांबर?

“तो कुठे जातोय? मलाच लागणारे तो.” ताई बाबांकडे वळल्या. “बाबा, महिनाभर विचारतेय. पाय दुखतो का?”

बाबांनी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. डांबरने कान टवकारले. बाबांनी तोंड मिटलं, डांबरकडे पाहिलं, आणि म्हणाले, “दुखतो गं. फार दुखतो.”