पहिली रांग

पेटीला हात लावायचा तर विचारून लावावा, एवढी साधी रीत दस्तगीरला कळत नव्हती. हुसेनबीनं दुपारी पेटी उघडली तर वरचीच जानमाज गायब. बहिणीनं हजहून आणलेली हिरवी मखमली जानमाज, नमाजीला अंथरायची. पण ईद असल्याबिगर ती बाहेर निघत नसे, आणि आज तर नुसता शुक्रवारचा जुम्मा. सुनेला विचारलं, तर ती म्हणाली ह्यांनी नेली. हुसेनबी असं सोडणारी नव्हे. येऊ दे घरी, बघते त्याच्याकडं, म्हणत तिनं मटणाला फोडणी दिली ती अशी, की सून दोन पावलं मागं सरकली.

मटणसुद्धा पोराच्याच हुकमाचं. दस्तगीरला ह्या वेळी नगरपालिकेला उभं राहायचं होतं. ज्याच्या शब्दावर तिकीट मिळणार, तो तंबाखूचा व्यापारी सौदागर आज नमाज झाली की ह्यांच्याकडं जेवायला येणार होता. आठवडाभर घरात दुसरं नाव नव्हतं. हुसेनबीनं आपल्याच मनाची समजूत घातली, नेली असेल बापासाठी. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेत, खाली मऊ लागतं.

बाबालाल आधी आला, एकटाच. पायरीवर टेकला, टोपी काढली, पाणी मागितलं. हुसेनबी तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. नवऱ्याच्या कपाळावर धूळ होती.

मशिदीत आत गालिचा आहे. गालिच्यावर माथा टेकला तर धूळ लागत नाही. धूळ असते बाहेरच्या अंगणात, तापलेल्या फरशीवर, उशिरा आलेली माणसं उभी राहतात तिथं. आणि बाबालाल जन्मात कधी उशिरा गेला नव्हता. कान गेल्यापासून तर तो अजानीच्या आधीच जाऊन पहिल्या रांगेत, इमामाच्या बरोबर मागं बसायचा. तिथनं दोन शब्द तरी ऐकू यायचे. उभा जन्म त्यानं निपाणीच्या वखारीत तंबाखूची पोती उचलली. हा बोलावणार, तो हाकलणार. आठवड्यातनं तेवढी एक घटका अशी, की मालक शेजारी उभा राहिला तरी ऊठ म्हणणारं कुणी नाही. म्हणून शुक्रवारी तो धुतलेला सदरा घालून जायचा.

कुठं बसला होता, म्हणून तिनं मोठ्यानं विचारलं. त्यानं हात हलवला. बाहेर, वारं होतं म्हणाला. मग ऐकू आलं काय?

"न्हाय. पुढच्याची पाठ वाकली, की म्याबी वाकलो," बाबालाल म्हणाला आणि हसला. पाणी मात्र तो तिच्याकडं न बघता प्याला.

तिनं कपाळ पुसायला पदर उचलला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पदर खाली सोडला. राहू दे तसंच, म्हणाली.

दस्तगीर आला तो अत्तराचा घमघमाट घेऊन. शेजारी सौदागर, आणि दस्तगीरच्या काखेत घडी घातलेली जानमाज. हुसेनबीनं ती बघितली, पण तोंड उघडलं नाही. सुनेला ते जास्तच भ्यावाचं वाटलं. जेवायला दस्तरखान अंथरला गेला. पाहुणा मधोमध, दस्तगीर त्याच्या शेजारी, म्हातारा कडेला.

सौदागर माणूस वाईट नव्हता. त्यानं आधी रश्श्याची तारीफ केली, मग पोराची. "चाची, असला पोरगा नशिबानं मिळतो. माझ्यासाठी पहिल्या रांगेत जागा धरून ठेवली यानं. कोण एक म्हातारा येऊन बसला होता तिथं. मी हौदावर हातपाय धुऊन वजू करत होतो, तिथनं पाठमोरा दिसला. दस्तगीरनं खांद्याला हलवून उठवलं त्याला आणि माझ्यासाठी ही जानमाज अंथरली."

दस्तगीरचा घास हातातच राहिला. बाबालालला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. तो भाकरी रश्श्यात कुस्करत होता. कपाळावरची धूळ घामानं भिजून भुवयांपर्यंत उतरली होती. सौदागरची नजर सहज तिकडं गेली आणि तिथंच अडकली. त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्याकडं बघितलं, मग दस्तगीरकडं, आणि ताटातला हात हळूच मागं घेतला.

"अम्मा, तू आत जा," दस्तगीर खालच्या आवाजात म्हणाला. "पावण्यासमोर नको."

हुसेनबी आत गेली नाही. तिनं आधी नवऱ्याच्या ताटात मटण वाढलं, चांगल्या दोन फोडी शोधून. मग पळी पातेल्यात ठेवली आणि पोरासमोर उभी राहिली. ओरडली नाही. तिचा आवाज गल्लीच्या टोकाला जायचा, पण आज तो घराबाहेर गेला नाही.

"म्या कधी मशिदीची पायरी चढलेली न्हाय, दस्तगीर. दोन बुकंबी शिकलेली न्हाय. पर जनाज्याची नमाज कशी हुती ते मलाबी ठावं हाय. मेलेल्या मानसाला कुटं ठेवत्यात रं? पयल्या रांगंच्या पुढं. इमामाच्याबी पुढं. तुझ्या बापाची ती जागा ठरल्याली हाय. त्या दिशी ही जानमाज घिऊन जा. बापाच्या खांद्याला हलीव आनि म्हन, अब्बा, उठा, शेठ आल्यात."