डॉक्टरचा धडा पुढे आहे

"दाय्त्ये पमिदोर," म्हणत रखमाजींनी हात पुढे केला.

हर्षालीने त्यांच्या तळहातावर टोमॅटो ठेवला. 'टोमॅटो द्या' एवढं रशियन आता तिच्या वडिलांना येत होतं. डिंगोरे गावातल्या घराच्या ओसरीवर ते तिचे विद्यार्थी झाले होते. दुसऱ्या दिवशी नारायणगावच्या एका क्लासमध्ये तिला रशियन शिकवण्याचा डेमो द्यायचा होता. नोकरी त्यावरच ठरणार होती. रशियात डॉक्टरकी शिकायला निघालेली मुलं समोर असणार. फळ्यावर विभक्तींचे तक्ते लिहायचे नाहीत, मराठी बोलायचं नाही. मुलांना प्रसंगात उभं करायचं, बोलतं करायचं. व्याकरण त्यातूनच यायला हवं. हर्षाली स्वतः तक्ते घोकून शिकली होती. तक्त्यांशिवाय कसं शिकवायचं, तिला सुचत नसे.

"मार्केटात आसं मागितलं तर आडत्या पळूनच जाईल," रखमाजी हसले.

"आण्णा, मराठी नको. परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं. मग टोमॅटो खाली ठेवला आणि हात छातीवर नेला. "पोरी, हितं दुखतंय, ह्ये कसं म्हनायचं गं?"

ती टिपणं चाळत होती. क्षणभर वर बघून म्हणाली, "हावभाव छान जमले. पण डॉक्टरचा धडा पुढे आहे. आधी बाजार पक्का करू."

"बरं बाई." त्यांनी टोमॅटो पुन्हा उचलला.

सकाळी ते गोठ्यात पडलेले सापडले. हृदय बंद पडलं होतं.

डेमो तेराव्यानंतर झाला. क्लास चालवणाऱ्या आरती मॅडम मागच्या बाकावर बसल्या. "घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "समोरचा काय सांगतोय ते आधी ऐक. त्याच्या चुका नंतर. आज डॉक्टरचा प्रसंग घे."

हर्षाली डॉक्टर झाली. समृद्धी नावाची मुलगी पेशंट होऊन समोर बसली. तिने छातीवर हात ठेवला आणि अडखळत म्हणाली, "ऊ मिन्या बालीत..." माझं दुखतंय. पुढचा शब्द तिला सापडेना. हात तसाच छातीवर राहिला.

आता डॉक्टरने विचारायचं होतं. एकच प्रश्न, रशियनमधून. हर्षालीला तो पाठ होता. पण तिची नजर छातीवरच्या त्या हातावर खिळली. मुलं एकमेकांकडे बघू लागली. आरती मॅडमनी पेन खाली ठेवलं.

हर्षाली खुर्चीवरून उठली. समृद्धीपुढे गुडघ्यांवर बसली, आणि मराठीत म्हणाली, "कुठं दुखतंय, आण्णा?"