मशीनले आराम

तीस वर्षं स्टील प्लांटात ब्लास्ट फर्नेसच्या भट्टीसमोर घाम गाळून बाबाराव रिटायर झाले आणि पंच्याण्णव साली नेहरूनगरच्या आपल्याच बंगल्यात दोन खोल्यांची बायोटेक कंपनी काढून बसले. पाटी एवढी मोठी लावली, की खाली सावलीत चार माणसं उभी राहावीत.

कंपनीतली एकुलती एक शास्त्रज्ञ म्हणजे वसुंधरा. टायफॉइडच्या जंतूचा डीएनए ओळखणारं रसायन तिने आठ महिने खपून तयार केलं होतं. कोमट झालं की वाया जायचं, म्हणून ते डीप फ्रीझरमध्ये उणे वीस अंशांवर ठेवलेलं. आज दुपारी मुंबईचे पाहुणे तेच बघायला येणार होते.

कालच्या सुट्टीनंतर सकाळी ती आली, तर फ्रीझरवर कुंकवाचं स्वस्तिक, दाराला झेंडूची माळ आणि खाली पाण्याचं तळं. प्लग काढून, वायर छान गुंडाळून वर ठेवलेली.

"काल विश्वकर्मा पूजा होती ना, पोरी," बाबारावांनी बुंदीचा प्रसाद पुढे केला. "त्या दिवशी मशीनले आराम द्या लागते. सकाळपासून सारं बंद ठेवलं मी."

वसुंधराने फ्रीझरमधून काढलेली रसायनाची कोमट बाटली टेबलावर ठेवली. "काका, मग प्लांटात पूजेच्या दिवशी तुमी भट्टीपण बंद ठेवत होते का?"

बाबाराव पोट धरून हसले.

"पागल झाली का? भट्टी बंद केली तं आतला सारा माल खराब होऊन जाईन ना!"