यंदाचं सुधारित मॉडेल

दरवर्षी टाकीवरचा पट्टा बदलता, दिव्याचा आकार बदलता आणि त्यालाच सुधारणा म्हणून आमच्या माथी मारता. चोर आहात तुम्ही, कंपनीवाले. शुद्ध चोर!

कमळाकर मनातल्या मनात असं तोंडसुख घेत होता आणि किकवर किक मारत होता. सत्त्याण्णवचं मॉडेल, कोरी करकरीत गाडी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही, आणि खाडीच्या बांधावरच्या घोटाभर डबक्यात तिनं मान टाकली होती.

लांब समोर उघाडी दिसत होती. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. शेतातलं पावसाचं पाणी उतरावं म्हणून सकाळी ओहोटीला त्यानंच ते वर ओढून ठेवलं होतं. आज उघाडी सांभाळायची पाळी त्याची होती. भरती चढायच्या आत दार पाडलं नाही, तर खारं पाणी आत शिरणार. गावाचं हिरवंगार भात जळणार, आणि जमीन पुढची दोन-तीन वर्षं मिठानं मेलेली राहणार. त्यात अमावास्येचं उधाण.

सायकलीच्या जमान्यात दार उघडं टाकून पेणला जायची छाती गावात कुणाची झाली नव्हती. पण सकाळी शोरूमचा प्रणित नवी गाडी घेऊन दारात उभा राहिला. "चला दादा, पेणला जाऊन सह्या करू, जेवायला घरी. भरतीच्या आत उघाडीवर सोडलं नाय तर नाव बदलीन." आणि कमळाकर भुलला. चाक वेगानं फिरतं म्हटल्यावर माणसाला समुद्रही आपल्या सवडीनं चालेलसा वाटतो.

"दादा, प्लगला जरा वारा लागू द्या," मागच्या सीटवरून उतरलेला प्रणित म्हणाला.

"भरतीला सांग तसं. जरा वारा खात बस म्हनावं."

"यंदा प्लगची टोपी वॉटरप्रूफ दिलीय. असं व्हायला नको, खरं तर."

"गेल्या गाडीलाबी तू वॉटरप्रूफच बोललेलास."

"ती जुनी वॉटरप्रूफ. ही नवी."

कमळाकरनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि गाडी तिथंच सोडून धूम ठोकली. डाव्या हाताला तिवरांच्या बुडख्यांत पाणी वाजायला लागलं होतं. मागं धपधप ऐकू आलं म्हणून त्यानं वळून पाहिलं. प्रणितही पळत होता. त्याचा एक बूट चिखलानं गिळला होता, टाय खांद्यावर फडफडत होता, आणि तरी तो पळत होता.

उघाडीवर कुणीतरी नाचत होतं. जवळ गेल्यावर कळलं, ती धोंडुबाई. चिंबोऱ्या धरायला आलेली शेजारची म्हातारी. तिनं सोडलेलं दार निम्म्यावर अडकलं होतं, खालून खाडीचं पाणी आत रेटत होतं, आणि ही बाई कासोटा आवळून, खांबाला धरून, दाराच्या वरच्या आडव्या लाकडावर उड्या मारत होती.

"बघता काय मेल्यांनो? माझं वजन किती? चढा वर!"

कमळाकर चढला. दार हललं, पण बसलं नाही. मग प्रणित चढला. तिघं एकमेकांना धरून उभे राहिले.

"आता एक साथ," धोंडुबाई म्हणाली. "आनि पडलात तर खाडीच्या बाजूला पडू नका, मी काय काढायची नाय."

तिसऱ्या उडीला लाकूड करकरलं आणि दार धप्पकन खाली बसलं. बाहेरचं पाणी त्यावर आपटलं, गढूळ भोवरा फिरला आणि माघारी गेला. आतली धार बारीक झाली. मग थांबली.

कमळाकर शेताच्या बाजूला उतरला. बांधालगतच्या पहिल्या वाफ्यात त्यानं हात बुडवला आणि बोटं चाटली. पुन्हा बुडवला, पुन्हा चाटली. जीभ टाळ्यावर फिरवत तो उभा राहिला. स्वतःच्याच जिभेवर त्याचा विश्वास बसेना.

"काकी, तुमी बघा."

धोंडुबाईनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, खळखळून थुंकलं. "मचूळ हाय. खारं नाय. जगंल भात."

कमळाकर तिथंच, चिखलात, फतकल मारून बसला आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. प्रणितनंही एक बोट बुडवून चाटलं. त्याला काहीच कळलं नाही, पण तोही हसला.

"नवी गाडी घेतलीस म्हनं," धोंडुबाई पदर पिळत म्हणाली. "कुठं हाय?"

कमळाकरनं नुसतं बोट दाखवलं. पार तिकडं बांधावर लाल टाकी उन्हात चमकत होती. तिच्यावर एक बगळा येऊन बसला होता.

"दिसायला बरी हाय," म्हातारी म्हणाली, आणि तिघंही पुन्हा हसले.

जिवात जीव आला की माणसाची जीभ सैल सुटते. प्रणितची सुटली. "काळजी करू नका दादा. टोपीचं आम्ही कंपनीला मार्चमध्येच कळवलंय. लय गाड्या अशाच बंद पडल्या. पुढच्या वर्षीच्या मॉडेलला ती वर घेतायत."

कमळाकरचं हसू थांबलं. राग या पोरावर नव्हता. पोर बूट घालवून त्याच्या शेतासाठी नाचलं होतं. पण या पोराच्या मागं कुणीतरी होतं, पंख्याखाली बसलेलं, मार्चपासून सगळं माहीत असलेलं.

"मार्चात," तो म्हणाला. "आनि आज श्रावन सरला."

"व्हय, पण..."

"पन नाय. उधान काय पुढच्या मॉडेलची वाट बघत थांबनार हाय? तू बोल नायतर तुज्या वरच्याला बोलव. मार्चात ठाऊक होतं, तर आज मला विकली कशी?"