आधी कोण?

"करारावर सह्या झाल्या. पण एक म्हणतो, आधी हत्यारं खाली ठेवा. दुसरा म्हणतो, आधी सैन्य मागे घ्या." शिंदखेड्याच्या घरी प्राध्यापक रवींद्र इस्रायल-पॅलेस्टाईनवरचं उद्याचं भाषण आई द्रौपदाबाईंना वाचून दाखवत होता.

शेजारी राहणाऱ्या भावाशी त्याचाही पंचांसमोर करार झालेला. याने अंगणातलं तारेचं कुंपण काढायचं, त्याने कुत्रा बांधायचा. वर्षभर दोघं 'आधी तू'वरच अडून बसलेले.

कुंपणाने वाट अडवलेल्या पलीकडच्या मंदिरात कीर्तनाचा पखवाज वाजला, तशा द्रौपदाबाई पक्कड घेऊन उठल्या.

"माय, थांब! आधी त्याला कुत्रा बांधू दे!"

 

पहिली तार तोडत त्या म्हणाल्या, "तुमना कागदवर मनी सही नही शे. मी कोनी वाट दखू?"