पूल खुला आहे

पुलाच्या तोंडाशी बांबू आडवा टाकलेला होता आणि बांबूमागे शिपाई खुर्ची टाकून बसला होता. अलीकडे बाई उभ्या होत्या, आणि त्या हटायला तयार नव्हत्या.

"काल संध्याकाळी तुमचीच गाडी भोंग्यावरून सांगत फिरली," बाई म्हणाल्या. "संचारबंदी उठली, पूल खुला झाला. मला पलीकडे माझ्या घरी जायचंय."

"गाडीनं सांगितलं असेल. मला साहेबांनी नाही सांगितलं."

"मग साहेबांना विचारा."

"साहेब जेवतायत."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. शिपायाला ते आवडलं. "आजी, जरा गोडीनं घ्या. दोन शब्द नीट बोललात तर सोडीनही. आम्हीही माणसंच आहोत."

"सोडायला मी काय तुमच्या ताब्यात आहे?" बाईंचा आवाज चढला नाही. वर्गातही कधी चढत नसे. "या पुलावरून चालायचा हक्क मला तुमच्या साहेबांनी दिलेला नाही. तो माझाच आहे. तुम्हाला तो राखायला ठेवलंय. मी विनंती करत नाहीये, जाते आहे."

"घ्या! भर दुपारी भाषण."

"ओ बाई, शाळा घरी भरवा," मागून एकजण ओरडला. "आमचा खोळंबा होतोय."

ती बाईंच्या अगदी मागे उभी होती, चार वर्षांच्या लेकीचा, चिऊचा हात धरून. मान खाली घालून. कॉलेजात याच बाईंनी तिला शिकवलं होतं आणि त्यांनी आत्ता आपल्याला ओळखू नये, असं तिला मनापासून वाटत होतं. पलीकडे तिची आई एकटी राहायची. परवापासून फोन उचलत नव्हती. भाजी चिरताना, चिऊची वेणी घालताना, रात्री कूस बदलताना तिला सारखी मोरीत पडलेली आई दिसत होती.

बाई वळल्या. ओळखलंच त्यांनी. चेहरा उजळला.

"अगं, तू! बरं झालं. सांग याला. काल तूही ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. गॅलरीत जाऊन, चिऊला गप्प करून, शब्द न् शब्द ऐकला होता. शिपाई तिच्याकडे बघत होता.

"मला... नीट ऐकू नाही आलं, बाई."

बाई नुसत्या बाजूला झाल्या, तिला वाट करून द्यावी तशा.

ती पुढे झाली. "साहेब," तिने हाक मारली, आणि शिपाई खुर्चीत सावरून बसला. "साहेब, आई एकटी आहे हो पलीकडे. तेवढी मेहेरबानी करा."

शिपायाने ओठ मुडपले. विचारात पडल्यासारखा तो बांबूवर बोटं वाजवू लागला. ती बोटं बघता बघता तिचा हात आपसूक खाली गेला. फ्रॉकच्या बाहीखालचा चिऊचा मऊ दंड चिमटीत आला. तिने पिळला.

चिऊने भोकाड पसरलं.

"अरे अरे, रडू नको बाळा! आजीकडे जायचंय होय?" शिपाई ताडकन उठला. बांबू वर झाला. "जा ताई. आम्हाला काय लेकरंबाळं नाहीत? बघितलंत, आजी? असं बोलायचं असतं."

"फार उपकार झाले, साहेब," ती म्हणाली आणि बाईंकडे न बघता बांबूखालून गेली. बघायची गरजच नव्हती. बाईंची नजर कुठे खिळली आहे ते तिला कळत होतं. तिच्या चेहऱ्यावर नव्हे. चिऊच्या दंडावर.

पुलावर वारा होता. ती भराभर चालत सुटली. चिऊ मुसमुसत शेजारून पळत होती. निम्म्यावर आल्यावर तिने वाकून बाही वर केली. दोन लाल वळ. तिने फुंकर घातली, पापा घेतला. "आईचं चुकलं गं."

चिऊने शहाण्यासारखी मान हलवली. "पण त्या काकांनी सोडलं ना," ती म्हणाली.

दुसऱ्या टोकालाही शिपाई होता. त्याचा बांबू कठड्याला उभा टेकवलेला, आणि तो निवांत शेंगा सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

"थांबलात कशाला? चला, चला. कालपासून पूल खुला आहे."

तिने मागे वळून पाहिलं. लांब, त्या टोकाला, बांबूच्या मागे बाई अजून उभ्याच होत्या. परत जाऊन सांगता आलं असतं.

तिचा हात कुणीतरी ओढला. चिऊ डोळे मोठे करून शिपायाच्या टोपीकडे बघत होती. तिने आपल्याच दंडाला, त्याच जागी, दोन बोटं लावून ठेवली होती.

"आई," ती कुजबुजली, "इथे चिमटा तू काढतेस, का मी काढू?"