सुनंदाचा फोटो

"हातानं फिरवायचा स्कॅनर स्वस्त पडेल," धुळ्याचा दुकानदार म्हणाला. "पण हात जरा हलला की चेहरा वाकडा येतो."

"मग तो नको," गिरधरनाना म्हणाले. "चेहरा नीट यायला पाहिजे."

पंडितनं वडिलांकडे पाहिलं. शिंदखेड्याला त्याचं लग्नपत्रिका छापायचं छोटं दुकान होतं. घरातले जुने फोटो कॉम्प्युटरवर घेऊन ठेवू, असं तो वर्षभर म्हणत होता. नाना मनावर घेत नव्हते. आज तेच त्याला घेऊन आले होते.

दुकानदारानं सपाट काचेचे दोन स्कॅनर पुढे मांडले.

"फोटो कापलेला असला तर?" नानांनी विचारलं.

"तुकडे काचेवर जुळवून ठेवायचे. सांधा मागून कॉम्प्युटरवर पुसता येतो."

"आणि भिंतीवर लावण्याएवढा मोठा केला तर?"

"तेवढा दोन्हींत होईल."

नानांनी त्यातला स्वस्त घेतला.

ब्याण्णव साली नानांच्या मुलीनं, सुनंदानं, जळगावला परजातीतल्या मुलाशी लग्न केलं. त्या आठवड्यात नानांनी घरातल्या प्रत्येक फोटोतून तिला कात्रीनं कापून काढलं. त्यानंतर सहा वर्षं घरात तिचं नाव निघालं नव्हतं.

स्कॅनर घरी आला. नानांनी काय काय विचारलं ते पंडितनं आईला सांगितलं. शेवंताबाई आत गेल्या आणि शेवयांचा डबा घेऊन आल्या. तळाला फडक्यात सुनंदा होती. परकरातली, शाळेतली, मामाच्या लग्नातली.

"बठ्ठा शेतस," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "सगळे आहेत."

नाना रागावले नाहीत. बराच वेळ एकेक तुकडा बघत राहिले. मग कॉलेजातला हसरा फोटो त्यांनी उचलला. त्याचे दोन भाग झाले होते.

"हा जोड. मोठा कर."

"घरातल्या सगळ्यांचा जुळवतो ना, नाना. त्यात तीही येईल."

"ते मागून. आधी हिचा एकटीचा." तुकडे पंडितच्या हातात देत ते म्हणाले, "आणि रविवारी तिला बोलवून घे. तिच्या पोरीलाही आण म्हणावं."

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि चुलीपाशी जाऊन बसल्या.

चौकट नानांनी स्वतः धुळ्याहून करून आणली. रविवारी शेवंताबाईंनी पहाटेच पुरण शिजवलं आणि खापरावर मांडे भाजायला घेतले. नाना बाहेरच्या खोलीत खिळा ठोकत होते.

"जरा खाली घ्या की," पंडित म्हणाला.

"नको. दारातून आत आलं की समोर दिसला पाहिजे."

फोटो सुरेख आला होता. सांधा शोधूनही सापडत नव्हता. शेवंताबाई पिठाच्या हातांनीच बघायला आल्या आणि बघतच राहिल्या.

"तुमचा राग गेला," त्या हळूच म्हणाल्या. "माझं काहीच मागणं राहिलं नाही आता."

नाना स्टुलावरून खाली उतरले.

बाहेर रिक्षा थांबली. सुनंदा मुलीला कडेवर घेऊन उतरली आणि उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. तिची नजर सरळ फोटोवर गेली. ती रडू लागली.

"माय," ती म्हणाली.

शेवंताबाई पाण्याचा तांब्या आणायला वळल्या.

"थांब," नाना म्हणाले. त्यांनी पिशवीतून चंदनाचा हार काढला, स्टुलावर चढले आणि तो फोटोला घातला.